मामांची येझदी आणि सहा व्होल्टचा हिशेब

तर झालं असं की गेल्या डिसेंबरात एका रात्री मामींचा फोन आला. "तुझी ती बॅटरी घेऊन जा बाबा परत." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मामी एरवी पंधरा मिनिटांच्या आत फोन ठेवत नाहीत, म्हणून जरा चरकलोच.

आधी पार्श्वभूमी सांगतो. गंगाखेडच्या मामांकडे एक येझदी आहे. अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक, सहा व्होल्टची. किक मारायचा दांडा तोच गिअरचा दांडा, हे बघून पुण्यातली पोरं अजून तोंडात बोट घालतात. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून आधी जावा आणि नंतर येझदी या नावाने या गाड्या काढल्या, १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. सध्या शोरूममध्ये त्याच नावाच्या ज्या गाड्या दिसतात त्या दुसऱ्या कंपनीच्या, त्यांचा हिच्याशी नावापुरताच संबंध.

दोन वर्षांपूर्वी मला हुक्की आली की ही गाडी 'कस्टमाइज' करायची. मामा म्हणाले, "कर की, तुझीच हाय." मी सिंगल सीट केली, मागचं मडगार्ड छोटं केलं आणि दोन्ही बाजूंच्या डब्या काढून टाकल्या. मधली फ्रेम मोकळी दिसली पाहिजे ना! (चॅसी आणि इंजिनाला हात लावला नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरून गाडीचं मूळ रूप बदलण्याबद्दल चांगलंच सुनावलंय, तेव्हा करणाऱ्यांनी जपून.)

आता डब्या गेल्या म्हणजे बॅटरीचं घर गेलं. आधीची ११ एएचची, ॲसिडवाली, वरून पाणी घालायची. सीटखाली जागा इंच-दीड इंच कमी पडत होती. मग मी शोध लावला तो ६ व्होल्ट ४.५ एएचचा. इमर्जन्सी लाइटमध्ये आणि लहान मुलांच्या बॅटरीवरच्या जीपमध्ये असते ती. ७० बाय ४७ बाय १०० मिलिमीटर, वजन पाऊण किलोच्या आसपास, सीलबंद, पाणी घालायची भानगड नाही. सीटखाली अशी लपली की शोधून सापडू नये. गाडी एका किकमध्ये सुरू झाली आणि मी फोटो काढून पुण्याला परत.

डिसेंबरात मामा संध्याकाळी पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेले. येताना अंधार पडला. वाटेत हेडलाइट पिवळा पडायला लागला, मग तांबडा, मग विझत आलेल्या उदबत्तीसारखा. येझदीत स्पार्कसुद्धा त्याच बॅटरीवरून मिळतो, म्हणजे आता इंजिनही अडखळायला लागलं. मामांनी ओळखलं की दोन्हीतलं एकच काहीतरी चालेल. अडुसष्ट वर्षांच्या माणसाने हेडलाइट बंद केला आणि पुढे चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरच्या उजेडात, त्याच्या मागे मागे, गोदावरीचा पूल ओलांडून गाव गाठलं. उसाच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नसतो हे मराठवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. मामांनी मला हे सांगितलंच नाही. मामींनी सांगितलं, तेही दुसऱ्या दिवशी.

मी दिवसभर कोड लिहितो. लोड किती, कपॅसिटी किती, हे विचारल्याशिवाय सर्व्हर घेत नाही. आणि इथे? इथे मी फक्त पट्टी घेऊन जागा मोजली होती.

त्या शनिवारी गंगाखेडला जाऊन अंगणात बसलो आणि जे आधी करायचं ते केलं. या गाडीचा डायनॅमो साधारण ४५ वॅटचा, तोही इंजिन चांगलं पळत असताना. खर्च बघा: हेडलाइट ३५ वॅट, टेललाइट ५, इग्निशन कॉइल पंधरा-सतरा. झाले ५५ च्या वर. म्हणजे रात्री गाडी सुसाट चालली तरी दहा-बारा वॅटची तूट, सहा व्होल्टला जवळपास दोन अँपिअर. ब्रेक, हॉर्न वेगळे. आणि खड्ड्यातून तिसऱ्या गिअरमध्ये रांगताना डायनॅमो निम्मंही देत नाही, म्हणजे तूट अजून वाढली.

येझदी रात्री कायमच तोट्यात चालायची! जुनी ११ एएचची बॅटरी तो तोटा चार-पाच तास पोटात घ्यायची आणि दिवसा भरून काढायची, म्हणून इतक्या वर्षांत कुणाला कळलं नाही. मी तिथे साडेचारची लावली. ते साडेचारसुद्धा वीस तासांत हळूहळू वापरली तर. जोरात ओढलं की त्याहून कमीच मिळतं.

मग पर्याय. पहिला मोह अर्थातच लिथियमचा. लिथियम आयर्न फॉस्फेटचे दोन सेल ओळीत जोडले की ६.४ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ७.३. सहा व्होल्टच्या गाडीला छान जुळतं, आणि वजन लेडच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. शिवाय या रसायनावरचा १९९७ चा मूळ पेपर गुडइनफ यांच्याबरोबर पाढी आणि नंजुंदस्वामी यांच्या नावावर आहे, म्हणजे आपली कॉलर पण ताठ. पण अडचण दोन ठिकाणी आहे. या बॅटरीचा अंतर्गत रेझिस्टन्स इतका कमी की रिकामी झाल्यावर ती डायनॅमोकडून मिळेल तेवढा करंट ओढते. पॉइंटवाल्या जुन्या रेग्युलेटरला आणि म्हाताऱ्या डायनॅमोला ते झेपेलच असं नाही. आणि व्होल्टेज वर गेलं की आतलं सर्किट बॅटरीच तोडून टाकतं. मग डायनॅमोला लगाम घालणारं कुणी उरत नाही आणि बल्ब पटापट उडतात.

तिसरी अडचण मामांनी काढली. "हे मोंढ्यात भेटंल का?" नाही भेटणार, मामा. "मंग काय करायचं त्येला?" चर्चा संपली.

आख्खी गाडी बारा व्होल्टची करणं हा एक मार्ग आहे. पण त्यात डायनॅमो, कॉइल, बल्ब, हॉर्न सगळं बदलायचं. दोन शनिवार-रविवारचं काम नव्हे.

शेवटी उत्तर ऑफिसच्या यूपीएसनेच दिलं. यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची जी वीट असते, तिची सहा व्होल्टची बहीण मिळते: १२ एएच, १५१ बाय ५० बाय ९४ मिलिमीटर, दोन किलोच्या आत. आतलं ॲसिड काचेच्या लोकरीत शोषलेलं असल्यामुळे ती आडवी झोपवता येते. आडवी झोपवली की उंची फक्त ५० मिलिमीटर! सीटखाली पत्र्याचा ट्रे, त्यावर ट्यूबच्या रबराची गादी, वरून पट्टा. उन्हाळ्यात तापणार, आयुष्य थोडं कमी होणार, हे धरूनच चाललोय. लेडच्या बॅटरीचं पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं म्हणतात आणि गंगाखेडचा मे महिना कुणाला सांगायला नको. म्हणून इंजिनाच्या बाजूला पत्र्याचा एक आडोसा दिला.

दुसरं काम म्हणजे खर्च कमी केला. हेडलाइटला सहा व्होल्टचा दहा वॅटचा एलईडी, टेललाइटलाही एलईडी. रात्री समोरच्या भिंतीवर उजेड पाडून फोकस खाली घेतला, समोरच्याने शिव्या देऊ नयेत म्हणून. आता एकूण खर्च २८ वॅटच्या आसपास. गाडी पळत असली की डायनॅमोकडे शिल्लक राहते.

तुम्ही म्हणाल, मग एवढ्या खर्चाला साडेचारची पण पुरली असती की! कागदावर पुरली असती, खरंय. मीही तासभर तेच म्हणत होतो, कारण ती लहानगी दिसायला फारच सुंदर बसली होती. पण मग प्रश्न उलटा विचारला: डायनॅमोचा ब्रश परभणी रोडवर संपला तर मामा नुसत्या बॅटरीवर किती वेळ चालतील? साडेचारवर अर्धा तास, तोही नशीब असेल तर. बारावर दोन तासांच्या जवळपास. पोखर्णीहून घर येतं तेवढ्यात.

रेग्युलेटर ७.२ व्होल्टला सेट केला, नवा फ्यूज टाकला, मीटर लावून दोनदा तपासलं. अंधार पडल्यावर मामा पुलापर्यंत जाऊन आले. मी फाटकाशी उभा होतो. उजेड आधी दिसला, मग तो टू-स्ट्रोकचा आवाज आला.

गाडी स्टँडला लावून मामांनी सीटखाली वाकून पाहिलं, मान हलवली आणि विचारलं, "समदं झालं, पण माझा प्लग-पाना कुठं ठिवायचा आता?"

उजव्या बाजूची डबी माळ्यावर सापडली. बसवली. मोकळी फ्रेम आता एकाच बाजूने दिसते.