नजाकत आणि चढाई

लखनौ म्हटले की अदब आठवते. 'पहले आप' म्हणत एकमेकांसाठी खोळंबलेल्या दोन नबाबांची आगगाडी सुटून गेली, हा विनोद या शहराला कायमचा चिकटलेला आहे. प्रेमचंदांनी १९२४ साली 'शतरंज के खिलाडी' या कथेत त्याची करुण बाजू दाखविली : पटावरचा राजा राखण्यात दंग झालेल्या दोघा सरदारांना आपल्या खऱ्याखुऱ्या राजाच्या कैदेचीही फिकीर उरलेली नाही. अशा शहरातील मोठ्या क्रीडांगणाला ज्याचे नाव आहे, तो खेळाडू मात्र पुढे सरकण्याच्या कलेचा उपासक होता, हा योग मोठा विलक्षण आहे.

कुंवर दिग्विजयसिंह तथा के. डी. सिंग 'बाबू' यांचा जन्म १९२२ साली लखनौशेजारच्या बाराबंकीत झाला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते भारतीय हॉकी संघाचे उपकर्णधार होते आणि १९५२ साली हेलसिंकीला कर्णधार. तेथील अंतिम सामन्यात भारताने नेदरलँड्सला ६-१ असे हरविले. त्यांपैकी ५ गोल एकट्या बलबीरसिंगांचे होते. गोल दुसऱ्याच्या नावावर लागावा आणि त्याची वाट मात्र आपण मोकळी करून द्यावी, यात कर्णधाराला उणेपणा वाटला नाही. 'पहले आप'चा याहून सार्थ अर्थ कोणता असू शकेल?

त्या काळी हॉकीचा रूढ व्यूह असा होता : आघाडीला ५, मध्ये ३, मागे २ आणि शेवटी गोलरक्षक. ११ पैकी ५ जण पुढे ठेवणे म्हणजे आक्रमणावर केवढी श्रद्धा! परंतु अशा व्यूहाचे मर्म आघाडीइतकेच मधल्या फळीत असते. पुढे चेंडू हरपला की मागून सरकत आलेल्या खेळाडूने तो तेथेच अडवून परत पुढे धाडावा लागतो. हेलसिंकीला केशव दत्त व लेस्ली क्लॉडियस मधल्या फळीत होते. ही फळी मागे रेंगाळली, तर पुढचे पाचही जण धड तुटलेल्या मस्तकासारखे निरुपयोगी ठरतात.

पुढे फुटबॉलने हाच विचार टोकाला नेला. रिनुस मिखेल्स यांच्या १९७४ च्या नेदरलँड्स संघाने प्रतिपक्षाला त्याच्याच अंगणात कोंडण्याची रीत जगासमोर मांडली. या रीतीत आघाडीचा खेळाडू हाच पहिला बचावपटू होतो. जवळचा चेंडूवर धावून जातो, बाकीचे चेंडू निसटण्याच्या वाटा बुजवतात आणि बचावाची फळीही मध्यरेषेकडे सरकते. मराठी मनाला हे खो-खोवरून सहज उमजावे : पाठलाग एकाचा दिसतो, पण पळणाऱ्याला कोंडतात ते दबा धरून बसलेले आठ जण. एकाने उठायला उशीर केला की सारी साखळी तुटते. फुटबॉलमध्ये तर पाठीमागे अर्धे मैदान मोकळे पडलेले असते आणि एक लांब फटका सगळ्या धाडसाचे हसे करतो.

बाबूंनी १९७२ साली म्युनिकमध्ये भारतीय संघाला मार्गदर्शन केले. संघाला कांस्यपदक मिळाले. १९७६ साली माँट्रियलला ऑलिंपिक हॉकी कृत्रिम हिरवळीवर आली आणि भारत सातव्या क्रमांकावर घसरला. दोनच वर्षांनी बाबू निवर्तले. गवतावर चेंडूला गोंजारणारी कला वेगवान पृष्ठभागावर अपुरी पडली. ताकदीने नजाकतीचा पराभव केला, असा निष्कर्ष तेव्हापासून वारंवार काढला जातो. तो अर्धाच खरा आहे. हेलसिंकीची नजाकत एकट्याच्या मनगटात नव्हती, ती दोन खेळाडूंमधल्या अंतरात होती. मैदान बदलले तेव्हा ते अंतर नव्याने मोजावे लागणार होते, आणि ती मोजणी लांबत गेली. १९८० च्या मॉस्को सुवर्णपदकानंतर पुढच्या ऑलिंपिक पदकासाठी भारताला २०२१ पर्यंत थांबावे लागले.

२०२४ साली लखनौच्या बाबू स्टेडियमवर मोहन बागान व ईस्ट बंगाल हे कोलकात्याचे परंपरागत प्रतिस्पर्धी फुटबॉल संघ समोरासमोर आले. खेळ वेगळा, काळ वेगळा. प्रश्न तोच होता : पुढे गेलेल्याच्या पाठीशी कोण उभा आहे?