आवाजाच्या कळीची जबाबदारी

कीबोर्डवर आवाज वाढवण्याची किंवा गाणे थांबवण्याची कळ आहे म्हटल्यावर ती दाबली की काम होणारच, असे वापरणारा धरून चालतो. आणि ग्नोम किंवा केडीई प्लाझ्मा यांसारख्या सर्व सोयींनी सज्ज असलेल्या डेस्कटॉपवर तसे घडतेही, कारण या कळांकडे लक्ष ठेवणारा एक प्रोग्राम तेथे पडद्याआड सतत चालू असतो. लिनक्सवरच्या किमान डेस्कटॉपवर, म्हणजे जेथे फक्त खिडक्यांची मांडणी सांभाळणारा विंडो मॅनेजर आणि त्याच्या जोडीला वापरणाऱ्याने स्वतः निवडलेली मोजकी साधने असतात तेथे, असा प्रोग्राम आपोआप येत नाही. मिखाएल श्टापेलबेर्ग यांनी २००९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेला आय३, एक्सएमएल फाइलमध्ये सेटिंग लिहायला लावणारा ओपनबॉक्स, किंवा सेटिंग बदलण्यासाठी सी भाषेतील फाइल दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करावा लागणारा डीडब्ल्यूएम, हे सारे याच वळणाचे. त्यांच्यावर मीडिया कळा जोडायला पाच-सहा ओळी पुरतात. परंतु तयार डेस्कटॉपने परस्पर घेतलेले अनेक छोटे निर्णय या ओळी लिहिताना वापरणाऱ्याला स्वतः घ्यावे लागत असल्यामुळे, हे काम दिसते त्याहून बरेच अधिक शिकवून जाते.

मुळात कळ आवाज वाढवत नाही. आपण दाबली गेलो एवढीच वर्दी ती देते, जसे दारावरची घंटा वाजली तरी दार उघडण्यासाठी घरातून कोणी तरी उठावे लागते. ही वर्दी ज्या टप्प्यांतून जाते ते समजून घेतल्याशिवाय जोडणी पक्की होत नाही. कीबोर्ड आणि माउस यांसारख्या उपकरणांनी संगणकाशी कसे बोलावे हे ठरवणाऱ्या एचआयडी या मानकात अक्षरांच्या कळा सातव्या पानावर, तर आवाजाच्या व गाण्यांच्या कळा घरगुती उपकरणांसाठी राखलेल्या बाराव्या पानावर नोंदलेल्या आहेत, आणि तेथे आवाज वाढवण्याचा क्रमांक २३३ आहे. लिनक्सचा कर्नल हा क्रमांक वाचून त्याला स्वतःच्या यादीतला ११५ हा क्रमांक देतो. पडद्यावरच्या खिडक्यांचा कारभार पाहणारा एक्स सर्व्हर त्यात ८ मिळवून १२३ करतो. आणि शेवटी त्या क्रमांकाला एक्सएफ८६ऑडिओरेझव्हॉल्यूम हे नाव मिळते, ज्याला कीसिम, म्हणजे कळीचे अर्थसूचक नाव, म्हणतात. विंडो मॅनेजरच्या फाइलमध्ये लिहायचे असते ते हेच नाव.

८ मिळवण्याची ही रीत निरुपद्रवी वाटली तरी तिचे परिणाम दूरवर पोहोचतात. एक्सच्या नियमांनुसार कळांचे क्रमांक ८ ते २५५ याच मर्यादेत बसतात, आणि मायक्रोफोन बंद करण्याच्या कळीला कर्नलने दिलेला क्रमांक २४८ आहे; त्यात ८ मिळवले की २५६ होतात आणि ती कळ मर्यादेच्या एकाच पावलाने बाहेर पडते. त्यामुळे अनेक लॅपटॉपांवरील ही कळ वर्षानुवर्षे एफ२० या, प्रत्यक्षात बहुतेक कीबोर्डांवर नसलेल्या, कळीच्या क्रमांकावर वळवून आणावी लागली आणि पुढे एफ२० या कळीलाच मायक्रोफोनच्या म्यूटचा अर्थ देण्यात आला. असा वळसा ज्याला ठाऊक नाही, त्याला आपली ओळ बरोबर असूनही कळ मुकी का राहते हे उमगत नाही.

म्हणूनच अनुभवी माणूस फाइल उघडण्याआधी एक्सईव्ही हे छोटे साधन चालवतो. त्याच्या पांढऱ्या चौकोनावर लक्ष ठेवून कळ दाबली, की टर्मिनलमध्ये कळ दाबल्याची आणि सोडल्याची अशा दोन नोंदी उमटतात, आणि प्रत्येकीत क्रमांक १२३ व त्याशेजारी कीसिमचे पूर्ण नाव दिसते. क्रमांक दिसला पण नाव दिसले नाही, तर दोष कीबोर्डच्या मांडणीत आहे. काहीच दिसले नाही, तर एक पायरी खाली उतरून ईव्हीटेस्ट या साधनाने कर्नलपर्यंत वर्दी पोहोचते का हे पाहावे लागते. तिसरी शक्यता नवख्याला हमखास चकवते: जोडणी आधीच झालेली असेल, तर एक्सईव्हीमध्ये कळ दाबल्याची नोंद येतच नाही, फक्त खिडकीचा फोकस क्षणभर गेला आणि परत आला एवढेच दिसते, कारण विंडो मॅनेजरने ती कळ स्वतःसाठी राखून ठेवलेली असते. एक्सवर एक कळ अशी एका वेळी एकालाच राखता येते. एखाद्या ब्राउझरने ती आधीच घेतलेली असेल, तर विंडो मॅनेजरची ओळ निर्दोष असूनही निष्प्रभ ठरते.

आय३च्या फाइलमधील ओळीचे तीन भाग असतात: बाइंडसिम हा शब्द, त्यापुढे कीसिम, आणि त्यानंतर चालवायची कमांड. खरे निर्णय तिसऱ्या भागात दडलेले असतात, आणि त्यांतला पहिला म्हणजे एका दाबाने आवाज किती बदलावा. आय३सोबत येणाऱ्या नमुना फाइलमध्ये १० टक्क्यांची पायरी आहे, अनेक जण ५ टक्के पसंत करतात. पण टक्का हे सरळ माप नाही. आवाजाचा प्रवाह वाटणाऱ्या पल्सऑडिओमध्ये टक्केवारी घनाच्या प्रमाणात मोजली जाते, त्यामुळे ५० टक्के म्हणजे सुमारे १८ डेसिबल कमी. १०० वरून ९५ वर येताना जेमतेम १.३ डेसिबलचा फरक पडतो, तर १० वरून ५ वर येताना तोच फरक १८ डेसिबलचा होतो. रात्री उशिरा हेडफोनवर हळू आवाजात ऐकणाऱ्याला खालच्या टोकाला ५ टक्क्यांची उडी म्हणूनच खटकते, आणि त्याने शिफ्टच्या जोडीने १ टक्क्याची वेगळी जोडणी करून ठेवणे शहाणपणाचे असते. वरच्या टोकाला दुसरी काळजी घ्यावी लागते: पीएसीटीएल ही पल्सऑडिओची कमांड १०० टक्क्यांवर थांबत नाही आणि कळ दाबून धरली तर आवाज फाटेपर्यंत वाढत जातो. पाइपवायर या नव्या व्यवस्थेतील डब्ल्यूपीसीटीएल या कमांडला कमाल मर्यादा सांगता येते, आणि ती सांगितलेली बरी.

म्यूटच्या कळीचे दुखणे वेगळे आहे. कळ दाबून धरली की तिची वर्दी पुन्हा पुन्हा येते, जे आवाज वाढवताना सोयीचे असले तरी बंद-चालू अशी उलटापालट करणाऱ्या कमांडला घातक ठरते. आय३च्याच धर्तीवरच्या स्वे या विंडो मॅनेजरमध्ये अशी पुनरावृत्ती टाळण्याची सूचना ओळीतच देता येते. शिवाय पल्सऑडिओ चालू असताना त्याच्याखालच्या अल्सा या थराला थेट आदेश देणारी अमिक्सर ही कमांड वापरली, तर म्यूट करताना स्पीकर व हेडफोनही बंद होतात आणि उठवताना फक्त मुख्य वाहिनी उघडते, असा प्रसंग अनेकांवर येतो. ज्या थराकडे आवाजाचा कारभार आहे त्याच थराला सांगावे, हा धडा येथे मिळतो.

गाणे थांबवणे किंवा पुढे नेणे या कळांना कोणते गाणे हाही प्रश्न सोडवावा लागतो. वादक प्रोग्रामांनी डी-बस या संदेशवाहिनीवर कसे बोलावे हे ठरवणारे एमप्रिस नावाचे मानक आहे, आणि प्लेयरसीटीएल ही कमांड त्याच मानकाने प्ले, पुढे, मागे हे आदेश पोहोचवते. ब्राउझरमधला व्हिडिओ आणि संगीताचा प्रोग्राम दोन्ही उघडे असतील तर आदेश भलत्याकडे जाऊ शकतो. प्लेयरसीटीएलडी हा सोबतचा प्रोग्राम चालू ठेवला, तर सर्वांत अलीकडे कोण वाजत होते याची नोंद राहते आणि वापरणाऱ्याच्या मनातलाच वादक बहुधा थांबतो.

ज्या कीबोर्डवर मीडिया कळाच नाहीत, तेथे सुपर कळीच्या जोडीने एखादी दुसरी कळ वापरावी लागते. मराठीत लिहिणाऱ्याने ती निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. म्यूटसाठी सुपर आणि एम अशी जोडी ठरवली, आणि मग इन्स्क्रिप्ट मांडणी सुरू केली, तर त्याच कळीवर स हे अक्षर येते, आणि एम या नावाशी बांधलेली ओळ हुकण्याचा धोका निर्माण होतो. मांडणी सतत बदलणाऱ्याने कीसिमऐवजी कळीच्या क्रमांकाशी जोडणी करावी, किंवा एफ-मालिकेतील कळा वापराव्यात, ज्यांच्यावर देवनागरीचा परिणाम होत नाही. खऱ्या मीडिया कळाही याच कारणाने सुरक्षित असतात.

कळ दाबल्याचे उत्तर डोळ्यांना मिळणे हाही जोडणीचाच भाग आहे. पडद्याच्या कडेला माहिती दाखवणारा आय३स्टेटस मूळ सेटिंगनुसार दर ५ सेकंदांनी ताजा होतो, त्यामुळे आवाज बदलूनही जुनाच आकडा दिसत राहतो आणि माणूस कळ पुन्हा दाबतो. कमांडच्या शेवटी आय३स्टेटसला ताबडतोब ताजे होण्याचा संकेत पाठवला की ही तफावत नाहीशी होते.

या ओळींची कसोटी लागते ती नव्या यंत्रावर. ज्या ओळीत ध्वनी-उपकरणाचा क्रमांक लिहिलेला असतो ती हेडफोन बदलताच निकामी होते. ज्या ओळीत चालू असलेले मुख्य उपकरण एवढेच म्हटलेले असते ती तशीच चालते. पल्सऑडिओची जागा पाइपवायरने घेतली तेव्हाही पीएसीटीएलच्या ओळी बहुतांशी तगल्या, कारण पाइपवायरने जुन्याच भाषेत बोलण्याची सोय राखली होती. कोणत्या थरावर आणि कोणत्या करारावर विसंबायचे हे ठरवणे हेच या कामातले कसब आहे, आणि ते तयार डेस्कटॉपवरही कोणी तरी आपल्यासाठी वापरलेले असते. किमान डेस्कटॉप पत्करणारा माणूस ती जबाबदारी स्वतःकडे घेतो. म्हणून प्रत्येक ओळीवर ती तशी का लिहिली याची एका वाक्याची टीप ठेवणे हे त्याचे कर्तव्यच ठरते, कारण पुढे ओळ बिघडली तर दुरुस्त करणाऱ्याला, मग तो स्वतः असो वा दुसरा कोणी, आदेशापेक्षा त्यामागचे कारण अधिक उपयोगी पडते.