थुंकीतून निघालेला गोतावळा

लंडनची भाची सुट्टीला ठाण्यात आली ती डीएनए चाचणीचं किट घेऊनच. "मावशी, अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, मग या नळीत थुंकायचं." चार वाजता, चहाच्या वेळेला हे फर्मान! तोंडाला कोरड पडली आणि नळीवरची रेघ काही गाठेना.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, हे घरात सगळ्यांना पाठ. पुढे तेलाचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. यातलं खरं किती, एवढंच मला हवं होतं.

निकाल मोबाइलवर आला. नकाशावर मोठा डाग भारताचा, छोटा पश्चिम आशियाचा. बेने इस्रायल असा रकानाच नाही! भाची म्हणाली, कंपनीकडे ज्यांचे नमुने असतात त्यांच्याशीच तुलना होते. नमुने वाढले की टक्केही बदलतात. म्हणजे पणजोबा तेच, पण पुढच्या वर्षी त्यांचा हिशेब वेगळा.

खाली नातेवाइकांची लांबलचक यादी. अश्दोद, दिमोना, टोरांटो, आणि बहुतेक सगळे म्हणे जवळचे चुलत! मी हरखलेच. मग कळलं की आमच्यासारख्या छोट्या समाजात पिढ्यान् पिढ्या आपापसात लग्नं झालेली. एकाच माणसाशी चार बाजूंनी नातं लागतं. यंत्र ते सगळं एका खात्यावर जमा करतं आणि लांबचाही जवळचा दिसतो. हे तर आमच्या कुठल्याही लग्नात फुकट कळतं.

वडिलांच्या बाजूचं वाय गुणसूत्र बाईकडे नसतंच, म्हणून भावालाही थुंकायला बसवलं. माझ्याकडून सरळ कळते ती फक्त आईच्या आईची वाट, आणि ती निघाली इथलीच. २०१६ साली 'प्लॉस वन'मध्ये आमच्या समाजावर एक अभ्यास आला होता. त्यातही हेच: ज्यू वारसा पुरुषांकडून जास्त, स्थानिक वारसा बायकांकडून, मिसळण झाली ती १९ ते ३३ पिढ्यांमागे. मग जहाजातल्या त्या सात बायकांचं काय? आणि जहाज फुटून तर दोन हजार वर्षं झाली, असं आमचे लोक सांगतात! भाचीने समजावलं, मिसळण कधी झाली ते यावरून कळतं, जहाज कधी फुटलं ते नाही. माझा गोंधळ काही कमी झाला नाही.

शेवटी मांडव्याची बोट धरली. नवगावला आमच्या जुन्या कब्रस्तानात बुडालेल्यांना पुरलं असं सांगतात, पुरुष एका जागी, बायका दुसऱ्या. तिथून अलिबागच्या इस्रायल आळीत, मागेन अबोथ मशिदीत. हो, सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो. तिथे भेटलेल्या म्हाताऱ्या बाईंनी टक्के विचारले नाहीत. "आडनाव?" पेणकर, किहीमकर, रोहेकर, आमच्यात आडनावातच गाव असतं, ते मी झटकन सांगितलं. "आईचं माहेर?" तेही आलं. "आजीचं?" रेवदंडा. "पणजीचं?" ते आता घरात कोणालाच ठाऊक नाही.

चाचणी करायची तर जरूर करा. पण नळी उघडण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना त्यांच्या आईचं आणि आजीचं माहेर विचारा आणि त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवा.