'त्याला त्याची पायरी दाखवा' म्हणणाऱ्यांना



आज कुत्र्यावर लिहितोय. आरक्षणाचे प्रश्न, शिष्यवृत्तीचे रखडलेले पैसे, कंत्राटी भरती हे सगळे सोडून कुत्रा कशाला, असे काही जण विचारतील. प्रश्न योग्य आहे. उत्तर लेख वाचून तुम्हीच ठरवा. पण गेल्या वर्षभरात 'उच्च-नीच हा निसर्गनियमच आहे' हा दावा मी सर्वात जवळून तपासला तो कुठल्या परिसंवादात नाही, तर नागपूरच्या माझ्या वस्तीत, पहाटे साडेपाच वाजता, हातात एका दांडगट कुत्र्याची दोरी धरून.

कुत्र्याचे नाव शेरा. वजन ३४ किलो. जर्मन शेफर्ड आणि गावठी यांचे मिश्रण. आमच्या ओळीतले एक कुटुंब बदली होऊन गेले आणि त्याला फाटकाबाहेर सोडून गेले. माझ्या मुलीने त्याला घरी आणले. माझ्या आईचा ठाम विरोध होता, आणि तो विरोध समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

आईच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आमच्या माणसांना हात लावता येत नव्हता. कोणी वरून पाणी ओतेल याची वाट बघत आजी तासन् तास बसायची. त्याच विहिरीजवळच्या हौदात पाटलाचा कुत्रा तोंड घालून पाणी प्यायचा आणि त्याला कोणी हटकत नव्हते. ही काही एकट्या आमच्या गावाची गोष्ट नाही. १९२३ साली बोले ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला, तरी चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि माणसांना बंदी होती. म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना तिथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. दुसरीकडे मनुस्मृतीचा दहावा अध्याय चांडाळ-श्वपचांची संपत्ती म्हणजे कुत्रे आणि गाढवे, असे सांगतो. म्हणजे अपमान करायचा तेव्हा कुत्रा आमच्या पदरात, आणि पाण्याचा हक्क द्यायचा तेव्हा कुत्रा आमच्या वर! ज्या बाईने हे डोळ्यांनी पाहिले तिला कुत्र्याचे कौतुक का असावे?

तरी शेरा राहिला. आणि तीन महिन्यांत आईचाच लाडका झाला. आमच्या घरात हे असेच चालते.

अडचण एकच होती. बाहेर पडला की तो ओढायचा. साधेसुधे नाही, बैलासारखा. एका सकाळी आई त्याला घेऊन फाटकापर्यंत गेली. दोरी सुटू नये म्हणून तिने ती मनगटाला गुंडाळली होती. समोरून मांजर गेले. शेरा झेपावला, आई पडली आणि मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. (कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाने एवढे तरी लक्षात ठेवावे : दोरी मनगटाला कधीही गुंडाळू नका, हातात धरा.) शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. कुठेतरी लांब सोडून या. पाठव एखाद्या शेतावर. मीही जवळजवळ त्याच निर्णयाला आलो होतो.

शेवटचा उपाय म्हणून एका प्रशिक्षकाला बोलावले. माणूस धंद्यात मुरलेला. त्याने शेराकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "सर, हा स्वतःला घरचा मालक समजतो. लांडग्यांच्या कळपात एक अल्फा असतो, बाकीचे खाली. तुम्ही अल्फा व्हा. त्याला त्याची पायरी दाखवा." मग त्याने गळ्यात चोक चेन घातली आणि झटका कसा द्यायचा ते दाखवले.

मी शिकलो. पहिल्या दोन दिवसांत फरक दिसला. झटका दिला की शेरा दबकायचा, शेपूट आत घ्यायचा, माझ्याकडे बघत चालायचा. आणि खरे सांगतो, मला ते बरे वाटले. त्याच आठवड्यात कार्यालयात माझ्या पदोन्नतीवरून 'कोट्यातले साहेब' असा टोमणा मी ऐकला होता. उत्तर द्यायचे राहून गेले. त्या संध्याकाळी शेराला दिलेला झटका जरा जास्तच जोराचा होता. त्याने काही केलेही नव्हते. तो फक्त एका खांबाकडे वळला होता.

आई ओट्यावर प्लास्टरचा हात घेऊन बसली होती. म्हणाली, "काहून झटका देतं रे त्याले? पायरी दाखवा म्हणला न तो माणूस? तुह्या आज्यालेबी हेच म्हणत होते. पायरीनं राहा."

ज्या कुत्र्यामुळे तिचा हात मोडला, त्याच्या बाजूने ती बोलत होती. मी चेन काढली. ती परत घातली नाही.

पण नुसती दया येऊन भागत नाही. ३४ किलोचा कुत्रा दयेने थांबत नाही. आणि आपण आंबेडकरवादी आहोत. कालाम सुत्ताची शिकवण सांगतो. कोणी जाणकार सांगतो म्हणून मानू नका, तपासून पाहा. म्हणून मी ही 'अल्फा' भानगड तपासायला घेतली.

काय निघाले? या कल्पनेचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. तो अभ्यास होता बंदिस्त लांडग्यांचा, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातला. बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले लांडगे भांडले, वर-खाली ठरवू लागले आणि तोच निसर्ग म्हणून जगभर सांगितला गेला. डेव्हिड मेक या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या १९७० च्या पुस्तकाने ही कल्पना लोकप्रिय केली. पुढे याच मेक यांनी मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिले आणि १९९९ साली शोधनिबंध लिहून स्वतःच सांगितले की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्ले. एक कुटुंब. सिंहासनासाठीची लढाई नव्हे.

आता सांगा, ही गोष्ट ओळखीची वाटते की नाही? आधी पिंजरा बांधायचा. पिंजऱ्यात जीव कोंडायचे. कोंडलेल्यांमध्ये वर-खाली निर्माण झाले की म्हणायचे, बघा, हा तर निसर्गनियम! चातुर्वर्ण्याचे समर्थन करणारे गुणकर्माच्या नावाने नेमके हेच करत आले. फरक एवढाच की मेक यांनी पुरावा मिळाल्यावर चूक कबूल केली. आपल्याकडच्या धर्ममार्तंडांना अजून तेवढी लाज वाटलेली नाही.

मग कुत्रा ओढतो का? उत्तर अगदी साधे आहे. ओढल्याने काम होते म्हणून. त्याची चाल आपल्यापेक्षा वेगवान असते, समोर वासांचे जग असते. तो ओढतो, आपण मागे फरफटत जातो, तो खांबापर्यंत पोहोचतो. म्हणजे ओढण्याचा मोबदला आपणच रोज देतो. ज्या वागण्याचा परिणाम चांगला, ते वागणे टिकते, हा नियम एडवर्ड थॉर्नडाईक यांनी १८९८ साली कोलंबिया विद्यापीठातल्या प्रबंधात मांजरांवरच्या प्रयोगांतून मांडला. १९१३ साली बाबासाहेब जिथे शिकायला गेले तेच हे विद्यापीठ. हेही सांगितले पाहिजे की थॉर्नडाईक वंशश्रेष्ठत्व मानणारे होते आणि त्यामुळेच २०२० साली तिथल्या टीचर्स कॉलेजने आपल्या इमारतीवरून त्यांचे नाव काढले. प्रयोग घ्यायचा, पूर्वग्रह टाकायचा. व्यक्तिपूजा करायची नाही, ही सवय आपल्याला असलीच पाहिजे.

तर आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो, कारण अनेकांच्या घरी हा प्रश्न असेल.

पहिले, चोक चेन बंद. गळ्यावर सतत ताण आला की श्वासनलिका दाबली जाते, कुत्रा खोकतो. गळपट्ट्याने ओढताना डोळ्यांतला दाब वाढतो आणि हार्नेसने तसा वाढत नाही, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पशुवैद्यकीय अभ्यासात आढळले. आम्ही छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस आणला. दोरी पुढच्या कडीला लावली की कुत्रा ओढताना आपोआप बाजूला वळतो, सगळी ताकद पुढे लावता येत नाही. लांब-आखूड होणारी दोरी मात्र घेऊ नका. ती कायम थोडी ताणलेली असते, म्हणजे 'ओढले की पुढे जाता येते' हाच धडा देते.

दुसरे, सुरुवात रस्त्यावर नाही, अंगणात. तो माझ्या डाव्या पायाजवळ आला की उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. दोन पावले सोबत चालला की तुकडा. मग पाच, मग दहा.

तिसरे आणि मुख्य : दोरी ताणली की माझे पाय थांबणार. ओरडायचे नाही, मागे खेचायचे नाही, फक्त उभे राहायचे. त्याने वळून पाहिले, दोरी सैल झाली, की लगेच चालायचे. फारच भान हरपले तर शांतपणे उलट दिशेने वळायचे. पहिल्या दिवशी फाटकापासून विजेच्या खांबापर्यंतचे पन्नास पावलांचे अंतर कापायला चाळीस मिनिटे लागली. शेजारचे काका गच्चीवरून हसत होते. हसू द्या.

चौथे, त्याला जे हवे आहे तेच बक्षीस करायचे. खांब हुंगायचा आहे? सैल दोरीने चल, मग खुशाल हुंग. हुंगणे हे कुत्र्याचे वर्तमानपत्र आहे. ते हिसकावून घेतले तर तो ओढणारच. आणि उन्हाळ्यात हे सगळे उजाडायच्या आत उरकायचे, कारण नागपूरच्या मे महिन्यात डांबर त्याचे पंजे भाजते.

पाचवे, घरातल्या सगळ्यांचा नियम एकच. तिसऱ्या आठवड्यात गाडी पुन्हा घसरली. चौकशी केली तेव्हा कळले की मुलगी शिकवणीला उशीर होतो म्हणून त्याला ओढू देत होती. कधी जमते, कधी नाही, असे झाले की ती सवय सर्वात चिवट होते. लॉटरीचे व्यसन असेच लागते. चार माणसांचे चार नियम असतील तर कुत्र्याने कोणता पाळायचा? 'संघटित व्हा' हे घरातही लागू आहे.

अडीच महिने लागले. चेनने दोन दिवसांत दबला होता, हे मान्य. पण दबणे आणि शिकणे यांत फरक आहे. चेन असताना तो माझ्या हाताला भीत होता. आता तो रस्ता समजून चालतो.

एका कार्यकर्त्या मित्राने टोमणा मारला, "म्हणजे तुकडे टाकून मिंधे करायचे. हेच तर आपल्या लोकांसोबत झाले!" यावर थांबून उत्तर दिले पाहिजे. काम करूनही ज्याची खात्री नाही, जे देणाऱ्याच्या मर्जीवर आहे, ती भीक. वतनाच्या नावाखाली राबवून घेऊन हातावर शिळी भाकरी टेकवणे ही ती पद्धत, आणि म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली महार वतनाविरुद्ध विधेयक आणले. ठरलेले काम, ठरलेला मोबदला, तोही लगेच आणि न चुकता, याला भीक म्हणत नाहीत.

आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मी इथे माणसांची तुलना कुत्र्याशी करत नाही. ती तुलना आपल्याशी भरपूर करून झाली आहे, त्यात मी भर घालणार नाही. मी दोरीच्या दुसऱ्या टोकाबद्दल बोलतोय, दोरी धरणाऱ्या हाताबद्दल. तो हात माझा होता. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच : प्रत्येकाला खाली दाबायला कोणीतरी मिळते, म्हणून वरच्याविरुद्ध कोणी उठत नाही. कार्यालयातल्या टोमण्याचे उत्तर मी ज्याने टोमणा मारला त्याला दिले नाही, शेराच्या गळ्याला दिले. उद्या शेरा नसता तर? बायको असती, मुलगी असती. आपल्या चळवळीतल्या किती घरांत हे चालते ते आपण सगळे जाणतो, बोलत मात्र नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या २२ प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही आहे. ती आपण सोपी समजून पुढे वाचत जातो. ती सोपी नाही. आपल्यापेक्षा दुबळ्याच्या संदर्भातच माणसाची समता खरी की बोलकी ते कळते.

टोमणा मारणाऱ्याला मी नंतर लेखी उत्तर दिले, रीतसर, वरिष्ठांमार्फत. ते प्रकरण चालू आहे. त्याची जागा तिथेच होती.

आईचा हात जुळला. थंडीत थोडा दुखतो. पण आता दर रविवारी ती स्वतः शेराला घेऊन विहाराच्या फाटकापर्यंत जाते. मी दहा पावले मागे असतो, अजून काळजी वाटते म्हणून. परवा समोरून मांजर गेले. शेरा थबकला, कान टवकारले, दोरी ताणली. आई उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. त्याने वळून तिच्याकडे पाहिले. दोरी सैल झाली आणि दोघे पुढे गेले.

तुम्हाला कोणी 'पायरी दाखवा' म्हणाले, मग ते कुत्र्याबद्दल असो की माणसाबद्दल, तर एकदा विचारा : ही पायरी बांधली कोणी?

जय भीम!