आगरांतील पाठशाळा

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधांत अवधूतानें यदुराजास आपले चोवीस गुरु सांगितले आहेत. पृथ्वी आणि समुद्र यांच्या पंक्तीस तेथें पतंग, मधमाशी, कोळी व कुंभारीण हींही बसलेलीं आहेत. हें प्रकरण आम्हीं वर्गांत अनेक वर्षें शिकविलें. परंतु त्या लहान गुरूंच्या घरीं जाऊन त्यांची गांठ घेण्याचा योग उतारवयांत, नातवंडांच्या संगतीनें आला.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही सहकुटुंब गुहागरास गेलों होतों. चिपळूणच्या पश्चिमेस सुमारें ४५ किलोमीटरांवर, समुद्राला लागून हें गांव वसलें आहे. व्याडेश्वराचें देवालय, रस्त्याच्या दुतर्फा घरें, आणि समुद्राकडील घरांच्या मागें पुळणीपर्यंत पोंचलेलीं नारळी-पोफळींचीं आगरें. पाऊस नुकताच सरला होता. पोफळींच्या मुळाशीं ओल, चिऱ्यांच्या गडग्यावर शेवाळ, आणि पडवीच्या कडेला मात्र कोरडी, मऊ धूळ. लहान जिवांना नांदण्यास याहून सोयीची जागा कोणती?

शहरांत वरच्या मजल्यावर वाढलेलीं आमचीं नातवंडें पहिल्या दिवशीं प्रत्येक हलणाऱ्या वस्तूस पाहून किंकाळी फोडीत, नाहींतर चप्पल उगारीत. आम्हीं दोनच नियम घालून दिले. पाहावें, पण हात लावूं नये. आणि नांव विचारण्यापूर्वीं पाय मोजावे. सहा पायांचा तो कीटक, कोळ्याला आठ पाय म्हणून तो कीटक नव्हे, हें ज्ञान धाकट्या नातीनें पुस्तकाविना मिळविलें. पैसा नांवाच्या किड्याचे पाय मोजतां मोजतां थोरला नातू थकला; काडी लागतांच तो किडा नाण्यासारखें वेटोळें करून बसला, तेव्हां हें नांव कां पडलें तें सांगावें लागलें नाहीं.

न्हाणीजवळच्या कढीलिंबावर पांखराच्या विष्ठेसारखी दिसणारी एक अळी होती. मोठी झाल्यावर तीच पानासारखी हिरवी होते, आणि डिंवचली असतां डोक्यामागून नारिंगी, दुबेळकें शिंग काढून उग्र वास सोडते. २०१५ साली महाराष्ट्राचें राज्य-फुलपांखरूं ठरलेला नीलवंत याच गोत्रांतला. आंब्यावर ओंबिलांनीं पानें शिवून घरटें केलें होतें. कांहीं ओंबील पानांच्या कडा जुळवून धरतात, दुसरे आपल्याच अळ्या तोंडांत धरून विणकराच्या धोट्यासारख्या इकडून तिकडे फिरवितात, आणि त्या अळ्यांच्या रेशमानें शिवण पडते. पडवीच्या धुळींत नरसाळ्यासारखे खळगे होते; त्यांच्या तळाशीं मुंगी घसरून येण्याची वाट पाहात एक किडा दडून बसतो. पुढें त्यास पंख फुटतात व तो चतुरासारखा दिसूं लागतो.

तिसऱ्या दिवशीं साफसफाई करतांना वाशाला चिकटलेलें कुंभारणीचें मातीचें घर झाडूच्या टोकानें निसटून खालीं पडलें. आम्हीं संधि साधून मुलांना भ्रमर-कीटक-न्याय सांगितला. कुंभारीण अळीला धरून आणते, मातीच्या घरांत कोंडते व भोंवतीं गुणगुणते. अळी भीतीनें तिचेंच ध्यान करते आणि अखेर स्वतःच कुंभारीण होऊन बाहेर पडते. नात शांतपणें म्हणाली, “आजोबा, हें तुम्ही स्वतः पाहिलंत?”

वर्गांत हा प्रश्न आम्हांस कोणीं विचारला नव्हता. विचारला असता तर त्यास आम्हीं बहुधा बांकावर उभें केलें असतें. येथें मात्र ती सोय नव्हती. आम्हीं चष्मा पुसला व फुटलेल्या घराजवळ बसलों.

एका कोठडींत पांच-सहा हिरव्या अळ्या निपचित पडल्या होत्या. काडी लावतांच एकीनें किंचित् अंग हलविलें. म्हणजे त्या मेलेल्या नव्हत्या. वर बारीक धाग्याला एक अंडें लोंबत होतें. शेजारच्या कोठडींत पिवळसर, गलेलठ्ठ असें कुंभारणीचें पिल्लूं होतें, आणि भोंवतीं उरलेलीं अळ्यांचीं साळें. अर्थ उघड होता. कुंभारीण अळ्यांना दंश करून लुळ्या करते, मारीत नाहीं, म्हणजे अन्न नासत नाहीं. अळीची कुंभारीण होत नसून अळी ही कुंभारणीच्या पिल्लाची शिदोरी होय. फ्रान्समधील शाळामास्तर जाँ आँरी फाब्र (१८२३–१९१५) यानेंही हें धाग्याला लोंबणारें अंडें पाहून लिहून ठेविलें आहे. एका शिक्षकानें डोळ्यांनीं पाहिलें, दुसऱ्यानें केवळ पाठ म्हणून घेतलें!

नातीनें विचारलें, “मग भागवतांत खोटं लिहिलंय का?” आम्हीं म्हटलें, “नाहीं, बाळ. ज्याचें चिंतन करावें तद्रूप मनुष्य होतो, ही गोष्ट मनाविषयीं खरीच आहे. दृष्टांतावरून मन समजावें; किडा समजण्यास किडाच पाहावा. ही चूक ग्रंथाची नव्हे, तुझ्या आजोबांची.” हे शब्द उच्चारणें आम्हांस वाटलें तितकें अवघड गेलें नाहीं.

त्या घराची एक कोठडी अभंग राहिली होती. ती मुलांनीं कांचेच्या बरणींत ठेवून वर मलमलीचें फडकें बांधलें. परतण्याच्या आदल्या दिवशीं माती पोखरून सडपातळ कमरेची कुंभारीण बाहेर आली. पूर्वीं चप्पल उगारणाऱ्या नातवानेंच फडकें सोडलें आणि ती आगराकडे निघून गेली.

ज्यांच्या घरीं लहान मुलें आहेत त्यांनीं किडा दिसतांच झाडू उचलण्यापूर्वीं त्यांना हांक मारावी आणि तो दुरून दाखवावा. विंचू, गोम, केंसाळ सुरवंट यांपासून सावध राहण्यास अवश्य शिकवावें. पण भीति हाच पहिला धडा असूं नये. आणि मुलानें “तुम्ही पाहिलंत?” असें विचारलें, तर रागावण्याऐवजीं त्याच्याशेजारीं जमिनीवर बसावें.