कडी नसलेले दार: साठमारीपासून रिअॅलिटी शोपर्यंत

१/ मित्रहो, आजच्या धाग्याचा विषय माझ्यासाठी थोडा अडचणीचा आहे, कारण त्यात इतिहासाबरोबर माझीही साक्ष आहे. पुण्यात शिकत असताना, दुसऱ्या वर्षी, आम्ही चौघांनी वसतिगृहात एक ‘सर्व्हायव्हल शो’ काढला होता. नाव होते ‘कोण टिकेल?’. त्या शोचा त्रोटक इतिहास आणि त्याच्या घराण्याची वंशावळ, असे दोन्ही आज सांगतो.

२/ नियम सोपे होते. एक रिकामी खोली, एक स्पर्धक, तीन दिवस. मोबाईल जप्त, अंथरूण नाही. जेवण हवे असेल तर प्रेक्षक सांगतील ते करून दाखवायचे: उठाबशा, नकला, रात्री दोन वाजता लावणी. स्पर्धक आमचाच मित्र होता. ‘निर्माता’ हे पद मी स्वतःकडे घेतले, कारण त्या पदावर उपाशी राहावे लागत नव्हते.

३/ आपण काहीतरी नवे शोधून काढले आहे, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. प्रत्यक्षात हा प्रकार मराठी मुलखात फार जुना आहे. आज आपण ‘सत्तेची साठमारी’ असे सहज लिहितो. साठमारी हा मुळात एक खेळ होता: माजावर आलेला हत्ती आणि त्याला डिवचून जिवंत परतू पाहणारी माणसे.

४/ बडोद्यात खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत (१८५६ ते १८७०) हा खेळ ऐन भरात होता. लुई रुसले हा फ्रेंच प्रवासी तेव्हा तेथे पाहुणा होता आणि त्याने त्याचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले आहे. चहूबाजूंनी जाड भिंती, वर सज्जात महाराज आणि मानकरी, भोवती गर्दी. खाली अंगावर बेताचे कपडे घातलेले साठमार, कोणाच्या हातात चाबूक, कोणाच्या हातात भाला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनाही या खेळाचा शौक होता. त्या शहरात साठमारी हे नाव आजही नांदते आहे.

५/ आजच्या भाषेत सांगायचे तर सेट होता, स्पर्धक होते, प्रायोजक होता आणि ‘टीआरपी’ जागच्या जागी कानाने मोजता येत होता. पण या सेटवरच्या एका तपशिलापाशी मी दर वेळी थांबतो. आखाड्याच्या भिंतीत ठरावीक ठिकाणी ठेंगणी, अरुंद दारे ठेवलेली असत. माणूस आत शिरेल, हत्ती शिरणार नाही, असे त्यांचे माप.

६/ म्हणजे ज्याने तो आखाडा बांधला त्याने माणसाच्या मरणाची शक्यता गृहीत धरली होती. पण त्याच्या पळण्याचीही सोय केली होती. पळालेल्याला कोणी भेकड म्हणत नसे. वेळेवर दार गाठणे हेच तर साठमाराचे कसब. खेळ क्रूर होता, यात शंका नाही, विशेषतः त्या मुक्या जनावरासाठी. पण माणसाला त्यात बाहेरची वाट होती.

७/ आता आपल्या पुण्यात या. साल १७९१. सवाई माधवराव पेशवे, कारभारी नाना फडणवीस, शहराचा कोतवाल घाशीराम सावळदास. चोरीच्या आरोपावरून कोतवालाने तैलंगी ब्राह्मणांच्या एका जथ्याला अपुऱ्या जागेत कोंडले. तेथे ना खिडकी ना हवा. मानाजी फाकडे यांनी कुलूप तोडले तेव्हा वीसहून अधिक माणसे गुदमरून मेलेली होती.

८/ येथे खेळ नव्हता, बक्षीस नव्हते, सज्जात कोणी टाळ्या वाजवत नव्हते. तरीही मी ही घटना या वंशावळीत घेतो, कारण साठमारीच्या आखाड्यातून ती ठेंगणी दारे काढून टाकली तर जे उरते ते हेच. चार भिंती, आत माणसे आणि बाहेर ‘पाहू, काय होते ते’ म्हणणारी सत्ता.

९/ पुढचा भाग आपल्याला ठाऊक आहे. शहर खवळले. ऑगस्टच्या अखेरीस घाशीरामाची धिंड निघाली आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. गंमत अशी (गंमत हा शब्द येथे जड जातो), की जे शहर वर्षानुवर्षे या कोतवालाचा जुलूम मुकाट्याने पाहत होते, त्यालाच आता नवा देखावा मिळाला. या वेळीही मधल्या माणसाला दार नव्हते.

१०/ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आले. दिग्दर्शक जब्बार पटेल. नाटक इतिहास म्हणून पाहू नये, हे तेंडुलकरांनीच बजावले होते. पण त्यातली एक युक्ती आपल्या विषयाच्या गाभ्याला हात घालते. मंचावर ब्राह्मणांची एक रांग उभी असते. ती गाते, डोलते आणि मागे जे चालले आहे ते हवे तेव्हा झाकते, हवे तेव्हा उघडे करते. ती रांग म्हणजेच त्या नाटकाची भिंत.

११/ आता जपान, १९९८. दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमासाठी तोमोआकी हामात्सु, टोपणनाव ‘नासुबी’, या होतकरू विनोदी नटाची चिठ्ठी टाकून निवड झाली. त्याला विवस्त्र करून एका खोलीत ठेवले. मासिकांतील बक्षीस-योजनांना पत्रे पाठवायची आणि जे लागेल त्यावरच जगायचे. दहा लाख येनची बक्षिसे जमली की सुटका. त्याने कुत्र्याचे खाद्यही खाल्ले. त्याचे हे जगणे आठवड्याला लाखो लोक हसत पाहत होते आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

१२/ पहिला टप्पा संपायला ३३५ दिवस लागले. सुटका मात्र लगेच नाही. त्याला कोरियात नेऊन तोच खेळ पुन्हा सुरू केला गेला. आणि या सगळ्यात, मित्रहो, जपानमधील त्या खोलीच्या दाराला कुलूप नव्हते. तो कधीही उठून जाऊ शकला असता. तो गेला नाही.

१३/ नासुबीची हकिकत मी ‘कोण टिकेल?’ नंतर तीन वर्षांनी वाचली आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. कारण आमच्या खोलीच्या दारालाही कडी लावलेली नव्हती. दुसऱ्या रात्री आमच्या मित्राला ताप भरला. त्याने सांगितले नाही. त्या तापातही त्याने आमच्या मेसच्या मावशींची नक्कल केली आणि आम्ही पोट धरून हसलो. सकाळी तो उठेना, तेव्हा रिक्षा शोधत धावलो. चार दिवस सलाईन लागले. तो बरा झाला, एवढे आमचे नशीब.

१४/ चौकशी झाली तेव्हा निर्माता या नात्याने मी छातीठोकपणे सांगितले, ‘दार उघडे होते, त्याला कोणी अडवले नव्हते.’ ते खरे होते. मला कोणी खोटे ठरवू शकले नाही.

१५/ मागच्या दिवाळीत आम्ही दोघे पर्वतीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. मी पहिल्यांदाच विषय काढला आणि विचारले, ‘तू बाहेर का नाही आलास?’ तो हसला. म्हणाला, ‘कडी नव्हती रे. पण बाहेर तुम्ही होतात.’

१६/ तेंडुलकरांच्या नाटकातील ती माणसांची भिंत मला त्या क्षणी कळली. बडोद्याच्या आखाड्यात दारातून पळणाऱ्याची लाज कोणी काढत नव्हते, म्हणून ते दार खरोखरच दार होते. आमचे दार लाकडाचे होते, उघडे होते, आणि त्याच्यापलीकडे चाळीस जण मोबाईल रोखून उभे होते.

१७/ इतिहासाच्या अभ्यासकाला हा प्रश्न उपयोगी पडेल, म्हणून येथे ठेवतो. कोणताही देखावा तपासताना राजा कोण, बक्षीस किती, मेले किती, हे विचाराच. पण त्याबरोबर हेही विचारा, की हरून बाहेर पडणाऱ्याला तेथे वाट होती का, आणि त्या वाटेवर कोण उभे होते.

१८/ ‘कोण टिकेल?’चे चित्रीकरण अजून माझ्याकडे आहे. मित्राने ते पुसू नकोस म्हणून सांगितले आहे. त्यात तो फारसा दिसत नाही. हसण्याचा आवाज मात्र स्पष्ट आहे आणि त्यातला माझा मला ओळखू येतो. धागा येथे संपवतो.