परत धावणारे

४ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकमधल्या हॉकीची उपांत्यपूर्व फेरी, समोर ग्रेट ब्रिटन. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड दाखवलं गेलं आणि साठ मिनिटांच्या सामन्यातला उरलेला सगळा वेळ भारताला दहा जणांनिशी खेळावा लागला. बाविसाव्या मिनिटाला हरमनप्रीत सिंगने गोल केला, सत्ताविसाव्याला ब्रिटनने बरोबरी साधली. त्यानंतर अर्ध्या तासाहून अधिक काळ अकरा जण दहा जणांवर चालून येत राहिले आणि दुसरा गोल काही त्यांना करता आला नाही. शूटआउट आपण ४-२ जिंकलं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे गोलरक्षक श्रीजेशचा फोटो होता. तो त्याचा हक्कच होता. माझ्या वहीत मात्र त्या सामन्याच्या पानावर सगळ्यात जास्त खुणा हार्दिक सिंग आणि मनप्रीत सिंग यांच्या नावांपुढे आहेत.

या वहीत मी गोल लिहीत नाही. आपल्या संघाकडून चेंडू गेला की जो खेळाडू वळतो आणि आपल्या गोलच्या दिशेने पळत सुटतो, त्याच्या नावापुढे एक रेघ ओढते. एवढंच. ही सवय मला अण्णांनी लावली.

अण्णा म्हणजे आमचे शेजारी. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत माझे बाबा आणि ते एकाच खात्यात होते. माणूस तमिळ, पण खडकीत दोन पिढ्या राहिलेला, त्यामुळे मराठी आमच्यासारखीच बोलायचा, फक्त थोडी तोडून. कारखान्याच्या संघात ते राइट हाफ खेळत. आमच्या वसाहतीत क्रिकेटइतकीच हॉकी होती, किंबहुना माझ्या लहानपणी जास्तच. पोरं तुटलेल्या स्टिका दोरीने करकचून बांधून खेळायची. धनराज पिल्लै याच खडकीतला. त्याचे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत मैदान राखायचं काम करत आणि तोही अशाच बांधलेल्या स्टिकांवर शिकला, ही गोष्ट आम्हाला शाळेतल्या धड्याआधी पाठ होती.

मुलीने मैदानावर जाऊन काय करायचं, असं आमच्या घरात बोललं जाई. अण्णांनी बाबांशी वाद घातला नाही. रविवारी सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "पोरीला पाठव. माझ्या स्कोअरबुकाला माणूस पाहिजे." बाबांना नाही म्हणता येईना. स्कोअरबुक म्हणजे दोन रेघी शाळकरी वही. पहिल्याच दिवशी मी गोल झाल्यावर उड्या मारत लिहायला लागले, तर अण्णांनी पेन्सिल धरली. "बॉल सगळे बघतात, पापा. बॉल गेल्यावर मागं कोण पळतोय, ते बघ. त्याचं नाव लिही."

पापा म्हणजे त्यांच्या भाषेत लहान पोर. माझी मुलं शाळेत जायला लागल्यावरही मी त्यांच्यासाठी पापाच होते.

धनराजचा खेळ मी या वहीतून पाहिला. लोकांना त्याचं ड्रिबलिंग दिसायचं, पाठीवर उडणारे केस दिसायचे. अण्णा दाखवायचे की चेंडू हिसकावला गेला की हा माणूस चवताळून पन्नास यार्ड मागे येतो आणि तोच चेंडू परत काढतो. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली भारताने दक्षिण कोरियाला टायब्रेकरवर हरवून सुवर्णपदक मिळवलं. १९६६ नंतर बत्तीस वर्षांनी. वसाहतीत रात्रभर कोणी झोपलं नाही. आणि मग काही दिवसांतच कर्णधार धनराज आणि टायब्रेकरचा नायक, गोलरक्षक आशिष बल्लाळ यांच्यासह अनेकांना संघातून बाहेर ठेवलं गेलं. त्या वेळचा संताप माझ्या मनात अजून तसाच आहे. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार आशियाई स्पर्धा खेळलेल्या माणसाला या देशाने जितकं द्यायला हवं होतं तितकं दिलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

पुढची वर्षं कठीण होती. सिडनी ऑलिंपिकमध्ये पोलंडने अखेरच्या दोन मिनिटांत बरोबरी साधली आणि उपांत्य फेरी हातची गेली. मार्च २००८ मध्ये चिलीतल्या सांतियागोला पात्रता स्पर्धेत ब्रिटनने आपल्याला २-० हरवलं आणि १९२८ पासून कधीही न चुकलेली ऑलिंपिकची हॉकी भारताविना झाली. २०१२ ला लंडनमध्ये सहाच्या सहा सामने हरून आपण बारा संघांत बारावे आलो.

लंडनच्या त्या दिवसांत माझे बाबा अंथरुणाला खिळले होते. अर्धांगवायू झाला होता, बोलणं जवळजवळ थांबलं होतं. मी शाळेची नोकरी, घर आणि दवाखाना यांत पिचून गेले होते. अण्णा निवृत्त झाले होते, त्यांचेही गुडघे गेलेले, तरी रोज संध्याकाळी ते काठी टेकत यायचे, बाबांच्या उशाशी बसायचे आणि मला म्हणायचे, "जा, दोन तास झोप." टीव्हीवर सामना लावून ते बाबांना एकेक चाल समजावून सांगत. दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा अकराव्या-बाराव्या क्रमांकाचा सामना त्यांनी लावला तेव्हा मी चिडले. आता काय राहिलंय बघण्यासारखं, म्हटलं. अण्णा म्हणाले, "हरणाऱ्या टीमचं पण कोणीतरी बघायला पाहिजे ना. वही आण." तो सामनाही आपण ३-२ हरलो. बाबांनी चांगल्या हाताची बोटं हलवून खुणा सांगितल्या, मी रेघा ओढल्या. बाबांबरोबर मी पाहिलेला तो शेवटचा सामना.

ती वही माझ्याकडे आहे. त्या बाराव्या आलेल्या संघात श्रीजेश होता आणि वीस वर्षांचा मनप्रीत सिंगही होता. नऊ वर्षांनी याच मनप्रीतच्या नेतृत्वाखाली टोकियोत कांस्यपदक आलं आणि गोलमध्ये श्रीजेशच होता. म्हणून ज्यांना हा संघ अचानक उभा राहिला असं वाटतं त्यांच्याशी मी सहमत नाही. लंडनची नामुष्की ज्यांनी अंगावर घेतली, तीच मुलं मागे वळून धावली. मधल्या काळात २०१८ पासून ओडिशा सरकारने संघाला पैसा आणि आसरा दिला, हेही विसरून चालणार नाही. एका राज्याने साऱ्या देशाचा खेळ सांभाळला.

टोकियोपर्यंत अण्णा राहिले नाहीत. ५ ऑगस्ट २०२१ ला सकाळी सातला मी त्यांच्या घरी जाऊन अक्कांच्या शेजारी बसले. अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. जर्मनीविरुद्ध आपण १-३ ने मागे पडलो, मग ५-३ पुढे गेलो, मग ५-४. शेवटची सहा सेकंद उरलेली असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. अक्कांनी डोळे मिटून घेतले. मला अण्णांचं शिकवणं सोडवेना. मी चेंडूकडे न बघता गोलरेषेवरून सुटणाऱ्या पहिल्या खेळाडूकडे बघत राहिले.

हॉकीत त्याला फर्स्ट रशर म्हणतात. पेनल्टी कॉर्नरचा चेंडू आत ढकलला की हा तोंडावर मुखवटा, हातात मोजा, गुडघ्यांना पॅड अशा अवस्थेत सरळ ड्रॅग फ्लिकच्या वाटेत धावतो. ताशी शंभर किलोमीटरहून वेगाने येणारा चेंडू छातीवर, मांडीवर, कुठेही घ्यायची तयारी ठेवून. त्याला टाळ्या नसतात. भारतासाठी हे काम वर्षानुवर्षं अमित रोहिदासने केलं. ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्यातलं सौनामारा हे त्याचं गाव, माजी कर्णधार दिलीप तिर्कीचंही तेच. पॅरिसमध्ये रेड कार्डमुळे जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याला खेळता आलं नाही. त्या सामन्यात गोन्झालो पेयातने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला आणि आपण २-३ हरलो. रोहिदास असता तर निकाल बदलला असता, हे कोणी सिद्ध करू शकणार नाही. मला मात्र तसं वाटतं.

श्रीजेशबद्दल काय लिहू? एर्नाकुळमजवळच्या किळक्कंबलमचा शेतकऱ्याचा मुलगा. गोलरक्षकाचं सामान घ्यायला वडिलांनी गाय विकली. चार ऑलिंपिक खेळून, स्पेनला २-१ हरवून दुसरं कांस्य घेऊन तो थांबला आणि हॉकी इंडियाने त्याची १६ क्रमांकाची जर्सी निवृत्त केली. पण माझ्या लेखी त्याचं मोठेपण त्याच्या पुढच्या पावलात आहे. त्याने ज्युनिअर संघाचं प्रशिक्षकपद घेतलं. डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नईत त्या मुलांनी ज्युनिअर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जर्मनीकडून १-५ असा मार खाल्ला आणि कांस्याच्या सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध ०-२ वरून ४-२ जिंकून दाखवलं. गुरू कोण आहे ते कळत होतं.

आता काळजीचं बोलते. पॅरिसमध्ये भारताने सगळे मिळून १५ गोल केले, त्यातले १० एकट्या हरमनप्रीतचे, सगळे पेनल्टी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोकवर. उरलेल्या पाचांत अभिषेकचे दोन, मनदीप, विवेक सागर आणि सुखजीतचा एकेक. एका माणसाच्या मनगटावर इतका भार टाकून विश्वचषक जिंकता येत नाही. हरमनप्रीत १९९६ चा. लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकला तो ३२ वर्षांचा असेल. जुगराज आणि संजय यांना मोठ्या सामन्यांत फ्लिक घ्यायची सवय आताच लागली पाहिजे, तेव्हा नव्हे. आणि आघाडीच्या फळीने डीमध्ये शिरून पेनल्टी कॉर्नर मागत बसण्यापेक्षा मैदानी गोलचा हव्यास धरला पाहिजे. अभिषेकमध्ये तो आहे. सुखजीतही मला आवडतो, कारण चेंडू गेल्यावर पुढच्या फळीतून सगळ्यात आधी तोच वळतो.

या संघाचा कणा माझ्या मते हार्दिक आहे. त्याच्या नावापुढच्या रेघांनी माझ्या वहीचा समास ओलांडलाय. गोलमध्ये कृष्णबहादूर पाठक अनेक वर्षं श्रीजेशच्या सावलीत थांबला, पॅरिसला राखीव म्हणून गेला आणि एकही सामना न खेळता परत आला. त्याच्या बरोबरीने आपल्या मुंबईचा सूरज करकेरा आहे. या दोघांना एका चुकीवरून झोडपू नका. श्रीजेशलाही घडायला वेळ दिला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राजगीरला कोरियाला ४-१ हरवून आपण आशिया चषक घेतला आणि २०२६ च्या विश्वचषकाचं दार उघडलं. तो ऑगस्टमध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये आहे. क्वालालंपूरला १९७५ मध्ये अशोक कुमारच्या गोलवर पाकिस्तानला हरवलं, त्यानंतर हा चषक आपल्याकडे आलेला नाही. प्रशिक्षक क्रेग फुल्टनचा संघ उपांत्य फेरी गाठेल असं मला वाटतं. सुवर्णासाठी मैदानी गोल वाढायला हवेत.

मुलींच्या संघावर माझा जीव आणखी जडलाय. टोकियोत त्या चौथ्या आल्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये रांचीत जपानकडून ०-१ हरल्याने पॅरिस हुकलं. त्यातून त्या सावरताहेत. आपल्या सातारा जिल्ह्याच्या वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ या मुली पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडल्या आणि भारताची जर्सी घालून खेळल्या. शेतकऱ्यांच्या गावांतून टर्फपर्यंतची ही वाट किती लांब आहे, ते मला माझ्या शाळेतल्या मुलींकडे बघून कळतं. २०२५ च्या आशिया चषकात भारताने रौप्य मिळवलं तेव्हा वैष्णवी मधल्या फळीत होती. तिच्या नावाचं पान मी वेगळं केलंय. अण्णांनी ते बघितलं असतं तर त्यांनी पेन्सिल माझ्या हातून काढून घेऊन स्वतः रेघा ओढल्या असत्या.

महाराष्ट्राने मात्र या मुलामुलींचं देणं फेडलेलं नाही. २०२४ च्या अखेरीस हॉकी इंडिया लीग सात वर्षांनी पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. खडकीच्या धनराजचं, मुंबईच्या व्हिरेन रस्किन्याचं आणि वाल्मीकी बंधूंचं हे राज्य. इथल्या उद्योगांकडे पैसा नाही असं मी कधीच मानणार नाही. पिंपरीत नेहरूनगरला मेजर ध्यानचंद यांच्या नावाचं पॉलिग्रास मैदान आहे. तिथे सामने होतात आणि मी जाते तेव्हा बाकं बहुतेक रिकामीच असतात. खेळाडूंचे आईवडील, प्रशिक्षक आणि आमच्यासारखे दोन-चार म्हातारे, एवढेच प्रेक्षक.

अण्णांचं ऋण मला फेडता येणार नाही, धनराजचं, मनप्रीतचं, श्रीजेशचंही नाही. त्यांच्यासाठी मी एवढंच करते, की मैदानावर जाते आणि माझ्या शाळेतल्या मुलींना बरोबर नेते. तुम्हीही या. पुढच्या वेळी नेहरूनगरला राज्य स्पर्धा किंवा शालेय सामने असतील तेव्हा घरातल्या मुलीला बरोबर आणा, आणि तिच्या हातात एक वही द्या.